अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटारच्या तारा घरी कशा बदलाव्यात

माझ्या पहिल्या अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटारच्या तारा मी प्रथमच स्वतः बदलल्या, त्या सोसायटीच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमाच्या आदल्या रात्री. सहाही तारा एकदम काढल्या, तेवढ्यात ब्रिजची, म्हणजे तारा जेथे अडकवतात त्या लाकडी पट्टीची, एक पिन गिटारच्या पोटात पडली, ती काढण्यासाठी गिटार उलटी करून हलवली आणि पिनेबरोबर सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती छोटी पांढरी पट्टी, तेही फरशीवर आले. ते उचलून मी खाचेत परत बसवले, नव्या तारा चढवल्या, गिटार सुरात लावली आणि निश्चिंत झोपलो. दुसऱ्या दिवशी मांडवात केबल जोडल्यावर लक्षात आले की जाड तारा खणखणीत वाजत आहेत, पण पहिल्या दोन तारांचा आवाज स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही. शिवाय वरच्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, हात गेला की सूर हलत होते. सॅडल मी उलटे बसवले होते, आणि त्याच्या खाली काय असते याची मला कल्पनाच नव्हती.

तारा बदलण्याचे काम मुळात अवघड नाही. पहिल्या वेळी तासभर लागतो, सवय झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. मात्र साध्या अकूस्टिक गिटारमध्ये ज्या चुका खपून जातात, त्या केबल जोडायच्या गिटारमध्ये खपत नाहीत, म्हणून हा लेख त्या फरकावर अधिक रेंगाळणारा आहे.

आधी एवढी ओळख करून घ्या

तारेचे एक टोक ब्रिजमध्ये पिनेने अडकवलेले असते. ब्रिजवरच्या खाचेत हाडाची किंवा प्लास्टिकची जी पांढरी उभी पट्टी बसवलेली असते, ते सॅडल. तेथून तार ध्वनिछिद्रावरून आणि फ्रेटबोर्डवरून जाते, मानेच्या टोकाशी नट नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर टेकते आणि शेवटी खुंटीच्या धातूच्या खांबाला गुंडाळली जाते. सतार किंवा तंबोऱ्याची खुंटी लाकडाच्या घर्षणाने धरून राहते; गिटारच्या खुंटीत दात्यांची चाके असतात, त्यामुळे ती सहसा घसरत नाही.

अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटारमध्ये यात आणखी तीन गोष्टींची भर पडते. पहिली, सॅडलच्या बरोबर खाली दडलेली पीझो पट्टी. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यात विद्युतभार निर्माण होतो, हा दाबविद्युत परिणाम प्येर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिला, आणि त्याच तत्त्वावर ही पट्टी तारांची थरथर टिपते. दुसरी, गिटारच्या कडेला बसवलेला, आवाज आणि स्वराचा पोत कमी-जास्त करण्याची बटणे असलेला प्रीअँप, जो बहुधा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. तिसरी, केबल जोडण्याचा जॅक, जो अनेकदा पट्टा अडकवण्याच्या मागील बटणातच असतो. पट्टीपासून प्रीअँपपर्यंत एक बारीक वायर गिटारच्या पोटातून गेलेली असते. तारा बदलताना तिला धक्का लागू नये हे आतापासूनच मनात ठेवा.

तारांचे क्रमांकही पक्के करून घ्या. मांडीवर गिटार घेतल्यावर सर्वांत वर दिसणारी जाड तार ही सहावी आणि सर्वांत खालची बारीक तार ही पहिली. नवशिके हा क्रम हमखास उलटा धरतात आणि मग पाकिटावरचे आकडे पाहून गोंधळतात.

लागणारे साहित्य

- तारांचा नवा संच.
- स्ट्रिंग वाइंडर, म्हणजे खुंटी भराभर फिरवण्याची दांडी. तिच्या टोकाशी पिन उचकटण्यासाठी खाच असेल तर उत्तम.
- चांगला वायर कटर. नखे कापण्याच्या साधनाने किंवा स्वयंपाकघरातल्या कात्रीने तार तोडू नका. कात्रीची धार जाते आणि तारेचे टोक चपटे होते.
- ट्यूनर. प्रीअँपमध्येच असेल तर तो, नाहीतर क्लिपचा किंवा मोबाइलमधला.
- ९ व्होल्टची नवी बॅटरी, मऊ सुती कापड, पेन्सिल, आणि मानेखाली ठेवायला गुंडाळलेला टॉवेल.
- चष्मा वापरत असाल तर तो डोळ्यांवरच ठेवा. ताणलेली तार सुटली किंवा पिन उडाली तर ती थेट तोंडाकडे येते.

१. योग्य तारा विकत घ्या

पहिला सापळा दुकानातच असतो. गिटारच्या नावात 'इलेक्ट्रिक' आहे म्हणून काही जण इलेक्ट्रिक गिटारच्या तारा मागतात आणि विक्रेताही मागितले ते देऊन टाकतो. तुमच्या गिटारला अकूस्टिक गिटारच्याच तारा लागतात. पाकिटावर '८०/२० ब्राँझ' किंवा 'फॉस्फर ब्राँझ' असे लिहिलेले पाहा. पहिल्या प्रकारात गुंडाळलेल्या तारेत सुमारे ८० टक्के तांबे आणि २० टक्के जस्त असते व तिचा आवाज अधिक उजळ लागतो. फॉस्फर ब्राँझचा आवाज थोडा उबदार असतो आणि तो जास्त दिवस टिकतो, असा माझाही अनुभव आहे. इलेक्ट्रिकच्या निकेल तारा लावल्या तर पीझो पट्टी त्यांनाही वाजवील, कारण ती दाब ओळखते, धातू नव्हे. पण केबलविना वाजवताना गिटार पातळ आणि दबलेली वाटेल. याला एकच अपवाद आहे. तुमच्या गिटारचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपणारा भाग, सॅडलखाली नसून ध्वनिछिद्रात अडकवलेला चुंबकीय असेल, तर ब्राँझचे वेटोळे त्याला नीट 'दिसत' नाही आणि तारांच्या आवाजात असमतोल येतो. अशा वेळी पिकअपच्या माहितीपत्रकात सुचवलेल्या तारा घ्याव्यात.

दुसरी गोष्ट जाडीची. संचाची ओळख पहिल्या तारेच्या जाडीवरून होते आणि ती इंचाच्या हजारांश भागात मोजली जाते. 'दहाचा', 'अकराचा' आणि 'बाराचा' हे संच आपल्याकडे सर्रास मिळतात. दहाचा संच बहुधा १० ते ४७, अकराचा ११ ते ५२ आणि बाराचा १२ ते ५३ असा असतो. बोटे अजून कडक झाली नसतील तर दहाचा किंवा अकराचा घ्या. मात्र गिटारवर सध्या जी जाडी आहे तीच पहिल्या वेळी ठेवणे शहाणपणाचे. बाराच्या संचाचा सुरात लावल्यावरचा एकूण ताण सुमारे ७४ किलो भरतो आणि दहाच्या संचापेक्षा तो दहा किलोंहून अधिक असतो. जाडी बदलली की मानेचा बाक बदलतो, तारांची उंची बदलते, आणि मग मानेतील लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवण्याची वेळ येते. ते काम पहिल्या दिवशी अंगावर घेऊ नका.

तिसरी गोष्ट हवेची. मुंबई, कोकण आणि गोवा येथे जून ते सप्टेंबर या काळात साध्या तारा दोन-तीन आठवड्यांतच काळवंडू लागतात आणि बारीक तारांवर गंजाचे ठिपके येतात. ज्यांच्या तळहाताला घाम येतो त्यांच्याकडे हे आणखी लवकर होते. अशांनी एलिक्सिर किंवा तत्सम कंपन्यांचे पातळ मुलामा दिलेले संच घ्यावेत. किंमत दुपटीच्या घरात जाते, पण टिकाऊपणा पाहता ते महाग पडत नाहीत. मुंबईत धोबी तलावच्या फुर्ताडोजसारख्या, १८६५ पासून चालत आलेल्या दुकानात हे सर्व प्रकार मिळतात. इतर गावांत ऑनलाइन मागवणे सोपे.

एक गोष्ट कधीच करू नका: नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर पोलादी तारा चढवू नका. तिची रचना एवढा ताण सोसण्यासाठी केलेलीच नसते, ब्रिज उखडतो.

२. तारा बदलायची वेळ आली आहे का, ते पाहा

तारेच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. फ्रेटच्या जागी खाचा लागत असतील, वाजवल्यावर बोटे काळी होत असतील, किंवा गिटार सुरात लावूनही वरच्या फ्रेटवर बेसूर लागत असेल, तर वेळ झाली. रोज तासभर वाजवणाऱ्याने दोन-तीन महिन्यांनी तारा बदलाव्यात असा ढोबळ हिशेब आहे. कार्यक्रम असेल तर आदल्या रात्री नव्हे, दोन-तीन दिवस आधी बदलाव्यात. कारण वर सांगितलेच आहे.

३. केबल काढा, छायाचित्रे घ्या

केबल जॅकमध्ये असेपर्यंत प्रीअँप चालूच असतो, म्हणून ती आधी काढून टाका. एरवीही वाजवून झाल्यावर केबल काढण्याची सवय लावा, नाहीतर बॅटरी रात्रभरात संपते आणि दोष प्रीअँपला दिला जातो.

गिटार टेबलावर किंवा गादीवर पाठीवर झोपवा आणि मानेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, म्हणजे खुंट्या हवेत राहतील. मग मोबाइलने दोन छायाचित्रे घ्या: एक ब्रिज आणि सॅडलचे, अगदी जवळून, दुसरे खुंट्यांचे, तार कोणत्या बाजूने गुंडाळली आहे ते दिसेल असे. ही दोन छायाचित्रे माझ्याकडे त्या रात्री असती, तर पुढची फजिती टळली असती. तुमच्या ब्रिजला पिनाच नसतील, तर घाबरू नका. ओव्हेशनच्या अनेक गिटारींत तार ब्रिजच्या मागच्या बाजूच्या भोकातून सरळ ओवली जाते; तेथे पिनांविषयीच्या सूचना सोडून द्या.

४. एक-एक तार बदला

सगळ्या तारा एकदम काढल्या तर मान वाकते, असे ऐकायला मिळते. तासाभराच्या कामात तसे काही होत नाही. दुरुस्ती करणारे कारागीर रोजच सहाही तारा काढतात. तरीही तुम्ही पहिल्या काही वेळा एक-एक तारच बदलावी असे मी सांगेन, आणि त्याचे कारण मान नसून सॅडल आहे. उरलेल्या पाच तारांचा दाब सॅडलला आणि त्याखालच्या पट्टीला जागच्या जागी धरून ठेवतो. तार काढली, तिच्या जागी नवी लावली, साधारण सुरात आणली, मग पुढची, असा क्रम ठेवला की पिकअपला धक्काच लागत नाही. सहावीपासून सुरुवात करून पहिलीपर्यंत या. जाड तारांवर हात बसतो आणि नाजूक तारांची वेळ येईपर्यंत अंदाज आलेला असतो.

फ्रेटबोर्ड फार मळला असेल, तरच सगळ्या तारा काढा, आणि त्या वेळी पुढे सहाव्या मुद्द्यात सांगितलेली काळजी घ्या.

५. जुनी तार उतरवा आणि पिन काढा

ताणलेली तार कटरने कापू नका. ती चाबकासारखी उसळते. वाइंडर खुंटीवर लावून तार पूर्ण सैल होईपर्यंत उलट फिरवा आणि खांबावरची वेटोळी हाताने सोडवा.

आता पिन. सैल तार ब्रिजच्या भोकात किंचित आत ढकला, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची गोळी पिनेपासून सुटी होते, आणि मग वाइंडरच्या खाचेने पिन सरळ वर उचला. अर्ध्या अडचणी या एका ढकलण्याने सुटतात, कारण बहुतेक वेळा पिन अडकलेली नसून गोळी तिला धरून बसलेली असते. तरीही निघाली नाही, तर ध्वनिछिद्रातून हात घालून पिनेचे खालचे टोक एखाद्या नाण्याने वर दाबा. हे करताना बोटांना सॅडलच्या खालून येणारी बारीक वायर लागेल. तिला ओढू नका, बाजूला सारू नका. पकडीने पिन खेचू नका. प्लास्टिकच्या पिनेचे डोके पटकन तुटते आणि मग उरलेला भाग काढण्यासाठी कारागिराकडे जावे लागते.

पिना ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने कागदावर मांडून ठेवा. भोके वापराने थोडी कमी-जास्त झालेली असतात आणि प्रत्येक पिन आपापल्या भोकात मुरलेली असते.

६. सॅडल आणि पीझो पट्टी: येथे घाई नको

एक-एक तार बदलत असाल तर हा मुद्दा फक्त वाचून ठेवा. सगळ्या तारा काढल्या असतील, तर यातील प्रत्येक वाक्य तुमच्यासाठी आहे.

अनेक गिटारींत सॅडल गोंदाने चिकटवलेले नसते; ते खाचेत केवळ तारांच्या दाबाने बसलेले असते. दाब गेला की ते गिटार कलंडताच निसटते. म्हणून तारा नसताना गिटार उलटी करू नका. पिन किंवा गोळीचा तुकडा आत पडलाच, तर आधी सॅडलवर कागदी चिकटपट्टी लावा आणि मगच गिटार कलती करा.

सॅडल बाहेर आलेच, तर चार गोष्टी तपासा. पहिली, त्याची दिशा. सॅडलचा माथा सरळ नसतो; प्रत्येक तारेची लांबी सूक्ष्म प्रमाणात जुळावी म्हणून तो पुढे-मागे कोरलेला असतो, आणि दुसऱ्या तारेच्या जागी हे कोरीव काम बहुधा सर्वांत ठळक दिसते. जाड तारांकडची बाजू बारीक तारांकडे गेली, की वरच्या फ्रेटवरचे सूर बिघडतात. छायाचित्र येथे उपयोगी पडते. दुसरी, पट्टीची जागा. ती खाचेच्या तळाशी सपाट, पिळा न पडता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली असली पाहिजे. तिची वायर एका टोकाजवळच्या बारीक भोकातून खाली जाते आणि तेथेच ती वर उचलली जाण्याची शक्यता असते. तिसरी, स्वच्छता. खाचेत लाकडाचा कण किंवा धूळ राहिली तर त्या जागी सॅडल पट्टीपासून केसभर उचलले जाते आणि त्यावरच्या तारेचा आवाज केबलमधून क्षीण येतो. कोरड्या मऊ ब्रशने खाच साफ करा. पाणी किंवा कोणताही फवारा वापरू नका. चौथी, सॅडलचा तळ. तो पूर्ण सपाट असावा लागतो, कारण पट्टीवर सर्व तारांचा दाब सारखा पडला तरच सर्व तारा सारख्या वाजतात. तार कमी वाजते म्हणून सॅडलखाली कागदाची घडी घालणे, किंवा तारा उंच वाटतात म्हणून घरी पॉलिश पेपरवर तळ घासणे, हे दोन्ही उद्योग टाळा. हाताने घासलेला तळ मध्ये फुगीर होतो. साध्या अकूस्टिकवर ते कानाला जाणवतही नाही, पण पीझो ते लगेच उघडे पाडतो.

सर्वच गिटारींत एकसंध पट्टी असते असे नाही. टाकामिनेच्या काही गिटारींत सहा तारांसाठी सहा स्वतंत्र पीझो खालच्या बाजूने बसवलेले असतात आणि सॅडलचे दोन भाग असतात. अशा गिटारीत दोन्ही भागांची अदलाबदल होऊ देऊ नका.

७. थोडी सफाई

सुक्या कापडाने ब्रिजच्या मागची आणि खुंट्यांमधली धूळ पुसा. रोझवूड किंवा एबनीचा फ्रेटबोर्ड कोरडा दिसत असेल तर फ्रेटबोर्डसाठी विकले जाणारे तेल दोन-तीन थेंब कापडावर घेऊन लावा आणि लगेच पुसून टाका. वर्षातून एक-दोनदा पुरे. घरात खोबरेल तेल असतेच म्हणून ते लावणारे मी पाहिले आहेत. ते लाकडावर खवट होते, चिकट थर धरते आणि धूळ ओढून घेते. मेपलच्या लाख दिलेल्या फ्रेटबोर्डला तेल लागतच नाही. काच पुसण्याचा फवारा गिटारच्या जवळही नेऊ नका.

नटच्या खाचांत पेन्सिलचे टोक दोनदा फिरवले, तर तार त्यातून सहज सरकते आणि सुरात लावताना 'टिंग' असा आवाज करून अडखळत नाही.

८. नव्या तारेचे ब्रिजकडचे टोक

तारा पाकिटातून एकदम बाहेर ओतू नका. त्या एकमेकींत गुंततात आणि सोडवताना मोडतात. डॅडारियोच्या संचात गोळ्यांना रंग असतात: पहिली चंदेरी, दुसरी जांभळी, तिसरी हिरवी, चौथी काळी, पाचवी लाल आणि सहावी पितळी. इतर कंपन्यांच्या तारा बहुधा क्रमांक किंवा जाडी छापलेल्या वेगवेगळ्या कागदी पाकिटांत येतात.

गोळीच्या टोकापासून सुमारे एक सेंटिमीटरवर तारेला हलकासा बाक द्या. ते टोक भोकात साधारण तीन सेंटिमीटर आत सोडा, पिन बसवा आणि तिच्या उभ्या खाचेचे तोंड मानेकडे ठेवा. आता पिनेवर अंगठा हलका ठेवून दुसऱ्या हाताने तार वर ओढा. गोळी वर सरकून ब्रिजखालच्या लाकडी पट्टीला भिडल्याचे हाताला स्पष्ट जाणवते; त्यानंतरच पिन दाबून बसवा. गोळी पिनेच्या बुडाला अडकून राहिली, तर तार ताणताना पिन वर येते आणि एखाद्या क्षणी उडते. पिन ठोकून बसवण्याची गरज कधीच पडत नाही. तार पिनेमुळे नव्हे, तर त्या लाकडी पट्टीला अडलेल्या गोळीमुळे धरून राहते.

पहिल्या आणि सहाव्या तारेच्या वेळी विशेष लक्ष द्या. पीझोची वायर खाचेच्या ज्या टोकातून खाली येते, त्या टोकाजवळची गोळी तिला लाकडाशी चेमटू शकते. शंका आली तर तार सैल असतानाच ध्वनिछिद्रातून बोट घालून वायर मोकळी आहे ना, ते चाचपून पाहा.

९. खुंटीकडचे टोक

खांबाचे भोक मानेच्या दिशेत येईल अशी खुंटी फिरवून ठेवा. तार नटच्या आपल्या खाचेतून नेऊन भोकात घाला, ताठ ओढा आणि मग ब्रिजच्या दिशेने परत ढील द्या. ही ढील किती हे सगळ्यांना पडलेले कोडे आहे. खांबाचा परीघ जवळपास दोन सेंटिमीटर असतो, म्हणून जाड तारांना पाच सेंटिमीटर ढील दिली की अडीच वेढे बसतात; वेटोळे नसलेल्या बारीक तारांना सात सेंटिमीटर द्या, म्हणजे तीन-साडेतीन वेढे होतात. कमी वेढ्यांनी तार घसरते, आणि आठ-दहा वेढे घातले तर ते एकमेकांवर चढतात व गिटार दिवसभर उतरत राहते.

तार भोकातून बाहेर येते तेथे तिला काटकोनात मोड द्या आणि खुंटी फिरवायला सुरुवात करा. तार खांबाच्या आतल्या अंगाने, म्हणजे हेडच्या (मानेच्या टोकाच्या, खुंट्या असलेल्या भागाच्या) मध्यरेषेकडून जायला हवी. दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या असलेल्या हेडकडे समोरून पाहिले, तर चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या तारेचे खांब घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, आणि पहिल्या तीन तारांचे घड्याळाच्या दिशेने. फिरवताना दुसऱ्या हाताच्या बोटाने तार नटजवळ किंचित ताणून धरा आणि प्रत्येक नवा वेढा आधीच्या वेढ्याखाली येऊ द्या; त्यामुळे तार नटवर घट्ट टेकते.

जादा टोक तार साधारण सुरात आल्यावरच कापा आणि खांबाजवळ तीन-चार मिलिमीटर ठेवा. मोड न देता आधीच कापलेली जाड तार वेटोळे सैल पडून निकामी होते, आणि हे कानाला कळेपर्यंत संच उघडलेला असतो.

१०. सुरात लावणे

सहावीपासून पहिलीकडे येताना सूर असे: ई, ए, डी, जी, बी, ई. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. ए हा सूर ४४० हर्ट्झ धरला, तर कंपनसंख्या अनुक्रमे ८२.४, ११०, १४६.८, १९६, २४६.९ आणि ३२९.६ हर्ट्झ येतात. घरची पेटी नेमकी ४४० ला मिळवलेली असेलच असे नाही, म्हणून आधी ट्यूनर वापरा.

ट्यूनर अक्षर दाखवतो, सप्तक बहुधा दाखवत नाही. तार सुराच्या पुढे निघून गेली हे लक्षात न येता पुढच्या सप्तकातले तेच अक्षर शोधत राहिलात, तर ती तुटते. नवशिक्यांच्या हातून पहिली आणि तिसरी तार याच चुकीने सर्वाधिक तुटते. खुंटी अर्धा-अर्धा फेरा फिरवत दर वेळी तार छेडा, आणि तार अनपेक्षितपणे कडक लागली तर थांबून मोबाइलवर तोच सूर ऐकून पडताळा. सूर वर गेला तर तार नुसती थोडी उतरवून सोडू नका. सुराच्या खाली आणून पुन्हा वर चढवा, म्हणजे चाकांतील ढिलेपणा राहत नाही.

सहाही तारा लागल्यावर प्रत्येक तार बाराव्या फ्रेटजवळ दोन बोटांनी हलकेच वर उचला, पुन्हा सुरात लावा आणि हे तीन-चार वेळा करा. तारा तरीही एक-दोन दिवस उतरतील. तो त्यांचा स्वभाव आहे, तुमची चूक नव्हे.

११. केबल जोडून तपासा

बॅटरी आत्ताच बदला. कार्यक्रमाच्या मध्यावर आवाज खरखरीत आणि फाटका येऊ लागणे हे बहुधा संपत आलेल्या बॅटरीचेच लक्षण असते. बॅटरीचा कप्पा प्रीअँपच्या चौकटीत, जॅकजवळ, किंवा ध्वनिछिद्राच्या आत मानेच्या बुडाशी पिशवीत असतो. महिनोन्महिने गिटार वाजवणार नसाल तर बॅटरी काढून ठेवा, ती पाझरते.

ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर ठेवून केबल जोडा, मग हळूहळू वाढवा. प्रत्येक तार सारख्या जोराने छेडा. एखादी तार क्षीण असेल तर आधी सॅडलवर त्या जागी अंगठ्याने घट्ट दाबा आणि पुन्हा ऐका. फरक पडला नाही तर ती तार थोडी सैल करून परत लावा. सॅडल काढलेले असेल तर पट्टीवर दाब बसायला एक दिवस द्या. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी आवाज आपोआप समतोल झालेला असतो. त्यानंतरही दोन शेजारच्या तारा मंद राहिल्या, तर पट्टी वाकली आहे किंवा तळ सपाट नाही असे समजून गिटार कारागिराकडे न्या. माझ्या गिटारच्या बाबतीत सॅडल सरळ करून बसवणे आणि खाचेतला लाकडाचा एक बारीक कण काढणे एवढेच करावे लागले, आणि त्या कारागिराने त्याचे पैसेही घेतले नाहीत.

जॅकची बाहेरची चकती सैल वाटली, तर ती एकटीच फिरवत बसू नका. तिच्याबरोबर आतला जॅक फिरतो आणि त्याच्या वायरी पिळून तुटतात. आतला भाग स्थिर धरून मगच चकती आवळावी लागते.

१२. जुन्या तारांचे काय करावे

जुन्या तारा आणि कापलेली टोके उघडी कचऱ्यात टाकू नका. कचरा वेचणाऱ्यांच्या हातात ती टोके सुईसारखी घुसतात. तारांची वळी करून चिकटपट्टीने बांधा, टोके वर्तमानपत्रात गुंडाळा आणि सुक्या कचऱ्यात द्या. फरशीवर उडालेले तुकडे झाडूने नव्हे, चुंबकाने गोळा करा. रिकाम्या पाकिटावर तारीख आणि तारांची जाडी लिहून ते गिटारच्या पिशवीत ठेवा, आणि त्याच पिशवीत एक सुटी पहिली तार कायम असू द्या, कारण मध्येच तुटते ती बहुधा तीच.